अपडेटनंतरचा माग

अपडेटनंतर आमच्या मोबाइलवरच्या खेळात विणकामाच्या मागाचा आवाज येऊ लागला. खेळातल्या गावात माग कुठेच नव्हता. आवाज बंदही करता येत नव्हता. तक्रारींना कंपनीचं पाच आठवडे एकच उत्तर होतं: दुरुस्ती सुरू आहे.

खेळणारे वैतागून सोडून गेले. शेवटी माझा मावसभाऊ विनोदही गेला. "राणी, ह्या खटखटीपरास मच्छे गावातली माझी फॅक्टरी बरी गं!"

मी राहिले ती आईमुळे. पहिल्याच दिवशी ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "ह्यो तुझ्या आप्पांचा माग."

मी मोजून पाहिलं. दर अकराव्या ठोक्याला आडवा धागा नेणारा धोटा अडखळत होता, आप्पांच्या मागासारखाच. आप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली. वडगावातला तो माग आम्ही तेव्हाच भंगारात घातला होता.

आई आता दिवसभर फोनसमोर बसते. नीट जेवत नाही. खेळ बंद केला तर रडते. त्यामुळे मीही दुरुस्तीची वाट बघू लागले.

आज दुपारी आवाज थांबला.

"झालं एकदाचं दुरुस्त," मी म्हणाले.

"न्हाय गं. साडी पुरी झाली." आई उठली. "घडी घालाय दोघं लागतात."

तिनं दोन्ही हात पुढे केले. काठ धरावा तशी तिची बोटं हवेत मिटली. मग हात ताणले गेले, आणि ती फोनच्या दिशेनं एक पाऊल ओढली गेली.

मी तिला कमरेला घट्ट धरलं. माझेही पाय फरशीवरून सरकू लागले.