जावयाचा रिपोर्ट

"डॉक्टर, सड बघा याचे, केवढे सुजलेत! नर आहे हो हा!" मालक कुंपणावर रेलून म्हणाला.

डॉक्टर वाकून बघत राहिले. कळपातला हा एकुलता एक नर डुक्कर. खायचं, लोळायचं आणि तोरा मिरवायचा, म्हणून घरात सगळे त्याला जावई म्हणत. पण दोन महिने झाले, माद्या नाकासमोरून गेल्या तरी जावई ढिम्म.

"मला मक्याचा संशय येतोय," डॉक्टर म्हणाले. "मक्याला गुलाबी बुरशी लागली की कधीकधी त्यात एक विष तयार होतं. ते अंगात मादीच्या हार्मोनसारखं वागतं. मग गड्याचं हे असं होतं."

"अहो, मका तर माद्याही खातात. त्या ठणठणीत आहेत."

"म्हणूनच तपासू. लॅबला किलोभर पाठवा. मका खराब निघाला तर खुराक बदलायचा, गडी सुधारेल. चांगला निघाला तर खोट याच्यातच. मग माझ्याकडे औषध नाही."

"खाटकाकडे आहे," मालक म्हणाला.

मालकीण आत बादल्या घासत होती. जावयाला तिनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मालकानं तिला एवढंच सांगितलं, "किलोभर मका बांध. लॅबवाले तपासणार. त्यावर तुझ्या लाडक्याचं ठरणार."

"अगं बाई! मग नीट बांधते."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. विषाचा मागमूस नाही. मका एक नंबर.

दुसऱ्या दिवशी मालकीण बाजारातून परतली, तेव्हा खाटकाची गाडी वळणाआड जात होती. फाटकात डॉक्टर उभे होते.

"रिपोर्ट चांगला आला ना? मग त्याला का नेलं?"

"चांगला आला म्हणूनच, वहिनी. खराब आला असता तर वाचला असता."

मालकिणीनं बाजाराची पिशवी खाली ठेवली. "आधी नाही का सांगायचं? चष्मा लावून एकेक दाणा निवडून पाठवला मी!"

डॉक्टरांनी सावकाश विचारलं, "निवडून? आणि गुलाबी दाणे?"

"ते तर मी दोन महिने रोजच निवडून काढतेय. पिल्लं व्हायच्या माद्यांना कसे घालणार?" तिनं पदरानं डोळे पुसले. "सगळे जावयालाच घालायचे. बिचाऱ्यानं कधी नाक मुरडलं नाही हो."