दोन चौकोन

"प्लॅस्टिकचा डबा म्हणजे शॉक लागणार नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" वसुंधराने कंट्रोलर टेबलावर जवळजवळ आपटलाच.

समोर बसलेला जोएल अर्नाळ्याचा. नाताळच्या माळेचा हा कंट्रोलर घेऊन तो सकाळीच वसईच्या टेस्टिंग लॅबमध्ये आला होता. आणखी एक घरगुती कारखानदार, तिने बघताक्षणीच ठरवून टाकलं. अशांची तिला शिसारी येई. धड बटण लावता येत नाही शर्टाचं, आणि निघाले विजेच्या वस्तू बनवायला.

"वर चौकोनात चौकोन छापलाय. अर्थ माहीत आहे?"

"नाय म्याडम. तुम्ही सांगा."

"दुहेरी इन्सुलेशन. एक थर गेला तरी दुसऱ्याने माणूस वाचला पाहिजे. म्हणून तर याला अर्थिंगची पिन नसते. यात दुसरा थर दाखवा मला! हा स्क्रू आत फेजला टेकलाय आणि बाहेर बोटाला लागतोय."

"मंग ओल्या हातानं धरला तर? पानी लागलेलं असलं तर?"

"तर माणूस मरेल. याहून सोपं करून सांगू?"

आता रडगाणं येणार, तिला वाटलं. सण तोंडावर आलाय, एवढ्या वेळेला सांभाळून घ्या. असली रडगाणी तिने ढीगभर ऐकली होती.

"हे कागदावर द्याल?" त्याने विचारलं.

"आनंदाने!"

तिने डब्याला मशीन जोडलं. व्होल्टेज चढू लागलं आणि निम्म्यावरच लाल दिवा पेटला. रिपोर्ट निघाला : नापास. तरी तिचं समाधान होईना. खाली तिने पेनाने एक ओळ जोडली : 'हा डबा पास करणारा परीक्षक गुन्हेगार समजावा.' सही केली, शिक्का मारला.

"आता सांगा, किती विकलेत असले?"

"मी मच्छी मारतो, म्याडम. हा दुकानातून घेतलेला. माझी बायको, टिफनी, अंगनात माळ लावत होती." त्याने त्या स्क्रूकडे बोट दाखवलं. "गेल्या नाताळात. जागीच गेली."

वसुंधराने हातातलं पेन खाली ठेवलं.

जोएलने रिपोर्ट नीट घडी करून खिशात ठेवला. मग पिशवीतून दुसरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. याच मॉडेलचं प्रमाणपत्र, गेल्या वर्षीचं. पास. खाली सही वसुंधराची होती.