निरोपाला न आलेली

व्हॅन अंगणात उभी होती आणि पायऱ्यांवर मुलं निरोपाचं गाणं म्हणत होती. रिक्स्टने सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. इलिंका त्यांत नव्हती.

"एरवी तर ती पहिल्या रांगेत असते," व्हियोरिका मावशी म्हणाली. बालगृह तीच चालवायची. "पाहुणे निघाले की हसत निरोप देते आणि आत येऊन विचारते, जेवायला काय आहे?"

रिक्स्ट आणि तिचा नवरा डाउवे आपल्या चर्चतर्फे हॉलंडहून मोल्दोव्हातल्या या बालगृहात सेवेला आले होते, पंधरा दिवसांसाठी. डाउवेने बंद पडलेला बॉयलर चालू केला, न्हाणीघरातले गळके नळ बदलले. रिक्स्ट स्वयंपाकघरात आणि मुलांमध्ये असायची. सहा वर्षांची इलिंका पहिल्याच दिवशी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली होती. "आई!" म्हणाली होती. एवढा शब्द रिक्स्टला कळला आणि तिचे डोळे भरून आले. देवाने आपल्याला इथे कशासाठी पाठवलं ते समजलं, असं ती डाउवेला म्हणाली.

मग एकदा पावाची गाडी आली. गाडी चालवणारी बाई खाली उतरली, तशी इलिंका तिच्याही गळ्यात पडली. "आई!"

व्हियोरिका मावशीने तरुणपणी जर्मनीत घरकामं केली होती, त्यामुळे तिघांचं जर्मनमध्ये भागायचं. "मनाला लावून घेऊ नका, बाई," ती म्हणाली. "बाकीची पोरं नमस्कार म्हणतात, ही आई म्हणते. येणाऱ्यांना बरं वाटतं."

त्या दिवसापासून इलिंकाने "आई" अशी हाक मारली की रिक्स्ट वळायची नाही. छातीवर बोट ठेवून सांगायची, "रिक्स्ट."

इलिंका खिदळायची. "आई!"

"रिक्स्ट."

"पोरीशी कसला हट्ट धरून बसलीस?" डाउवे म्हणाला. "म्हणू दे की आई. बिघडलं काय?"

"मी शनिवारी जाणार आहे, डाउवे. आई शनिवारी निघून जाते होय?"

व्हियोरिका मावशीला मात्र ते पसंत नव्हतं. "नावाने हाक मारायला लागली की आठवणही काढायला लागेल," ती म्हणाली. "तुम्ही बसाल तिकडे. निस्तरायचं मला."

चेरीचे दिवस होते. दोघी अंगणात बसून बिया काढायच्या, कोपरापर्यंत लाल व्हायच्या. इलिंका आधी "रिक्" म्हणाली, मग "रिक्स्". पुढे काही हवं नसतानाही ती हाक मारायला लागली. रिक्स्टने वर बघितलं की समाधानाने पुन्हा चेरी हातात घ्यायची. पावाची गाडी परत आली तेव्हा ती जागची उठलीसुद्धा नाही.

आणि आज ती निरोपाला आली नव्हती.

रिक्स्टला ती धुण्याच्या खोलीत सापडली. भिंतीकडे तोंड करून, ओल्या कपड्यांच्या टोपलीपाशी बसली होती. रिक्स्टने हाक मारली. इलिंकाने टोपलीतला एक मोजा उचलला आणि तिच्या अंगावर फेकला. मग दुसरा. मग एक अख्खा टॉवेल.

रिक्स्ट तिच्याजवळ जमिनीवर बसली. आम्ही पुन्हा येऊ, पुढच्या उन्हाळ्यात नक्की येऊ, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. दारात व्हियोरिका मावशी उभी होती. तिने नुसती नकारार्थी मान हलवली. रिक्स्टने वाक्य गिळलं.

"मी जाते, इलिंका," तिच्या भाषेत जमेल तसं ती म्हणाली.

"तू वाईट आहेस!" इलिंका ओरडली. "वाईट आहेस तू, रिक्स्ट!"

नाव अगदी पूर्ण, स्वच्छ उमटलं. त्यासरशी पोरीला रडू फुटलं. हुंदक्यांनी तिचं सगळं अंग हलत होतं. रिक्स्टने हात पुढे केला, तो तिने झिडकारला.

"मी हिला कधी रडताना बघितलं नव्हतं," व्हियोरिका मावशी हळू आवाजात म्हणाली. "तापात नाही, पडली-झडली तेव्हा नाही. मला वाटायचं, हिला ते येतच नाही."

"मावशी, माझं चुकलं का?"

"ते मला नका विचारू, बाई. मला आता हिच्याजवळ बसायला हवं."

तिने स्कर्ट सावरला आणि खाली वाकून इलिंकाला उचललं. पोरीने लाथा झाडल्या, मावशीच्या खांद्यावर गुद्दे मारले. मावशीने मारू दिले. "मार, मार. माझे राणी, मार अजून." हळूहळू गुद्दे थांबले. मग इलिंकाने दोन्ही हात तिच्या मानेभोवती आवळले आणि तोंड तिच्या गळ्यात खुपसलं. हात कुठे ठेवावा हे सुचत नसल्यासारखी मावशी क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग पोरीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

अंगणात हॉर्न वाजला. रिक्स्ट उठली आणि त्या दोघींना वळसा घालून, पायांचा आवाज न करता बाहेर आली.

डाउवेने तिला व्हॅनमध्ये चढायला हात दिला. व्हॅन फाटकाबाहेर रस्त्याला लागली.

"भेटली?" त्याने विचारलं.

"हो."

"पापा दिलास?"

"नाही," रिक्स्ट म्हणाली. "मावशीला सोडायलाच तयार नव्हती."