नवऱ्याच्या नावाचा रकाना
शिवणवर्गाच्या नावनोंदणीचं अ‍ॅप मी बनवलं होतं, आयुष्यातलं पहिलंच. येरमाळ्याच्या समाजमंदिरात सरूबाईंनी नवऱ्याच्या नावाचा रकाना रिकामा ठेवून बटण दाबलं आणि अ‍ॅप बंद पडलं. तीनदा तेच झालं. "म्या लगीनच न्हाय केलं, पोरी. काय लिवू?" त्यांनी विचारलं. मी लॅपटॉप उघडला. चूक माझीच होती. कोडमध्ये व्हेरिएबल डिक्लेअर करताना, म्हणजे त्या माहितीसाठी जागा ठरवताना, नवऱ्याचं नाव रिकामं असू शकतं, हे मी अ‍ॅपला सांगितलंच नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. त्या ओळीत 'रिकामं चालेल' अशा अर्थाचं एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि अ‍ॅप पुन्हा फोनवर चढवलं. सरूबाईंची नोंद लगेच झाली. शिलाई मशीनपाशी बसलेल्या कस्तुराबाई उठून आल्या. सकाळीच त्यांनी सगळे रकाने भरले होते. "माझ्याबी नवऱ्याचं नाव पुसून टाक," त्या म्हणाल्या. "त्यो दुसरीसंगं गेला, त्याला वीस वर्षं झाली. रकाना व्हता म्हणून लिवलं व्हतं."