रिकामं अंगण

कल्पना करा मुलांनो, स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातलं एक अंगण आहे. पांढऱ्या भिंतींवर छपरापर्यंत निळ्या कुंड्या टांगल्यात आणि त्यांच्याखाली भिंतीजवळ खुर्ची टाकून फेर्मीनआजोबा बसलेत. मे महिन्यात फुलं पाहायला येणाऱ्यांसाठी त्यांचं दार उघडं असतं. “आजोबा, जरा आत बसता?” पर्यटकांना घेऊन आलेला वाटाड्या म्हणाला. “फोटोसाठी रिकामं अंगण हवंय.” “रिकामी अंगणं शेजारी आहेत की! सगळे घरं विकून गेलेत. तिथे जा.” “तिथली फुलं प्लास्टिकची आहेत हो.” “मग कळलं ना, माणूस कशाला लागतो ते?” वाटाड्याने हसत हसत खुर्चीच्या पाठीला हात घातला. आजोबांनी पाय घट्ट रोवले. “आजोबा,” नात आरासेली म्हणाली, “वरच्या कुंडीला पाणी राहिलंय.” लांब वेळूच्या टोकाला बांधलेला पत्र्याचा डबा तिने भरून उचलला आणि नेमक्या वाटाड्याच्या डोक्यावरच्या कुंडीत रिकामा केला.