ओट्याखालचं रिंगण

"माझ्या नजरेला नजर देईल असं जनावर जगात अजून जन्माला यायचंय!" मास्तर गरजले.

ते जनावर जन्माला येऊन महिना झाला होता. स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या जुन्या पाइपाच्या भोकात बसून ते मास्तरांच्या नजरेला नजर देत फिस्कारत होतं. मास्तरांच्या नाकावर त्याने सकाळीच सहीही केली होती.

मास्तर म्हणजे सर्कशीतले रिंगमास्तर. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्यापासून गल्लीला ते शाळामास्तर वाटत. "कुठला वर्ग होता तुमच्याकडे?" असं कुणी विचारलंच, तर ते म्हणत, "सिंहांचा. तुमच्या पोरांपेक्षा शांत बसायचे."

मांजरी पिल्लू टाकून नाहीशी झाली होती आणि त्या भोकातून घरात घुशी येऊ लागल्या होत्या. म्हणून आज गवंडी आला होता. एकदा गेलेला गवंडी पुन्हा कधी उगवेल हे कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नसल्यामुळे, भोक आजच बुजणार हे नक्की होतं. प्रश्न होता तो आतल्या भाडेकरूचा.

"मास्तर, माल कालवून ठेवलाय," गवंडी म्हणाला. "घट्ट झाला की गेला वाया. त्यापेक्षा सळई घालून ढोसतो. जगलं तर येईल बाहेर."

"खबरदार! सळई आत गेली, तर पाठोपाठ तूही आत जाशील."

"मग काढा की तुम्ही. सिंह काढलेत म्हणे."

झालं. मास्तरांनी कंबर कसली. रिंगणाचा कायदा त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. नजर हलवायची नाही, दबून उभं राहायचं नाही आणि आभाळ कोसळलं तरी जनावराला पाठ दाखवायची नाही. पाठीच्या बाबतीत तर ते इतके कडक होते, की न्हाव्यालाही मागे उभं राहू देत नसत. त्यामुळे पुढून ते लष्करातले वाटत आणि मागून नाटक कंपनीतले.

त्यांनी डाव्या हातात स्टूल धरलं, भोकासमोर वाकून डोळे वटारले आणि खर्जात हुकूम सोडला, "बैस!"

पिल्लू बसलेलंच होतं.

"ऊठ!"

पिल्लू वीतभर आणखी आत सरकलं. सूनबाईंनी वाटीत ठेवलेला माशाचा तुकडा तसाच पडून होता. गवंडी घमेल्यातला माल थापीने उगाच खालीवर करत होता, आणि त्या खरखरीत मास्तरांना आपली अब्रू घट्ट होत चालल्याचं ऐकू येत होतं. आतून मात्र एक बारीक, चिरका आवाज आला. भुकेचा. तो ऐकल्यावर मास्तर अब्रूबिब्रू विसरले. त्यांना पिल्लू हवं होतं. जिवंत, आणि सळईशिवाय.

"बाबा, किती थरथरतंय हो ते," सूनबाई म्हणाल्या. "सिंहसुद्धा असेच घाबरायचे का तुम्हाला?"

मास्तरांनी स्टूल खाली ठेवलं. म्हणाले, "छे गं. मीच घाबरायचो त्यांना. रोज, दोन्ही खेळांना. त्यांना ते कळू द्यायचं नाही, एवढीच काय ती कला."

गवंड्याची थापी थांबली.

मास्तरांनी पुन्हा आत पाहिलं. अंग फुगवलेलं. डोळे रोखलेले. नसलेल्या ताकदीचा दणदणीत आव. अरेच्चा, हे तर आपलंच सोंग! एका भोकाच्या दोन बाजूंना दोन रिंगमास्तर ठाकले होते आणि सिंह एकही नव्हता. असा खेळ संपायचा कसा? कुणीतरी आधी रिंगमास्तरचा कोट उतरवायला हवा होता.

मास्तर कुरकुरत्या गुडघ्यांसह फरशीवर बसले. मग सावकाश वळले आणि त्यांनी भोकाकडे पाठ केली.

"दमलात होय?" गवंडी म्हणाला.

"गप्प बस. अवघड खेळ आता सुरू झालाय."

मानेवरचा केसन् केस उभा राहिला. हात मांडीवरून हलेनात. सिंहांच्या पिंजऱ्यात शिरताना फुटायचा तसाच दरदरून घाम फुटला. मागे काहीतरी खसफसलं. वाटी फरशीवर सरकली. मचमच असा आवाज आला, मग शांतता. मग पाठीला, बनियनवरून, एक ओलं नाक लागलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, पण वळले नाहीत. नखांचे चार पंजे कमरेवरून मांडीवर आले, दोन गिरक्या झाल्या, आणि पीठ दळायची गिरणी सुरू व्हावी तशी घरघर सुरू झाली.

गवंड्याने आवाज न करता भोक बुजवलं, थापी पुसली आणि सलाम ठोकला. "मानलं बुवा, मास्तर! आयुष्यात असा खेळ नाही पाहिला."

सूनबाईंनी डोळे टिपले. मास्तरांची छाती अशी फुगली की बनियनची शिवण उसवायला आली. ज्यांच्या एका इशाऱ्यावर सिंह स्टुलावर चढत, ते मास्तर ताठ बसले होते. घाम वाळला. गवंडी निघून गेला. घरघर काही थांबली नाही.

"सूनबाई," शेवटी मास्तर ओठ न हलवता कुजबुजले, "त्याला जरा विचारून बघ ना, मी बाथरूमला जाऊन आलो तर चालेल का?"