साबणाचं पाणी

टीव्हीवरच्या सुपरहिरोने पाचवी इमारत पाडली, तशी आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा राडारोडा उचलायला याचा बाप येणार आहे का?"

नातीने वैतागून प्रँकचा कार्यक्रम लावला. मॉलच्या जिन्यावर मुद्दाम साबणाचं पाणी सांडलेलं. पाठमोरी सफाईवाली बाई त्यावरून घसरून धाडकन आपटली. नात पोट धरधरून हसली.

"हसतेस काय? हात मोडला असेल तिचा!" एका हाताने कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सुनेकडे बोट दाखवत आजोबा कडाडले. "तुझ्या आईला विचार! बाथरूममध्ये घसरली, तर महिनाभर प्लास्टर!"

"गंमत असते हो आजोबा. आता कॅमेरा दाखवला की बघा, ती पण हसेल."



बाई कॅमेऱ्याकडे वळली, मनगट दाबत खरंच हसली, आणि नातीचं हसू जागीच थिजलं. "आई... ही तर तू आहेस!"